नामाकाकांचा जोडीदार

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना शैलाताईंचा फोन आला. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन घेतला. "बाबा सकाळी गेले," त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्यही आलं, "उद्या फ्युनरल आहे. तुम्ही प्लीज येऊ नका." मी गेलो नाही. इथं अमेरिकेत, पार्सिपनीतलं आमचं सगळं महाराष्ट्र मंडळ गेलं, आणि सहा वर्षं ज्यांच्या शेजारी मी स्टेजवर उभा राहिलो, त्यांच्या अंत्यदर्शनाला मीच तेवढा नव्हतो. याला आता दीड महिना झाला. हा लेख शैलाताईंना विचारूनच लिहितो आहे.

नामदेव चिखलीकर हे नाव सांगितलं तर कुणाला चटकन आठवणार नाही, चेहरा दाखवला तर चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण "अरे, हा होय!" म्हणेल. सायकलवर बसता येतं पण उतरता येत नाही असा हवालदार, मुलीकडचा खादाड मामा, सही करायला चष्मा न सापडणारा तलाठी... मराठी सिनेमात तीस वर्षं ते हेच करत आले. "हिरो मेला की रडायला मी, हिरोचं लगीन लागलं की पत्रावळ्या मांडायला मी," असं ते स्वतःच सांगत. त्याआधीची अठरा वर्षं मात्र ते तमाशाच्या फडात सोंगाड्या होते, आणि त्या वर्षांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. पत्नी गेल्यावर, २००२ साली, एकुलती एक लेक शैलाताई त्यांना इकडे घेऊन आली. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या, मंडळाच्या पॉटलकला ते कागदी प्लेट मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी भीत भीत विचारलं, "काका, तुम्ही तो सायकलवाला हवालदार ना?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "व्हय. उतरलो एकदाचा. पर सायकल लावायची कुठं, कळंना."

त्या गणपतीत त्यांनी बतावणी करायची ठरली. बतावणी म्हणजे सोंगाड्यानं बढाया मारायच्या आणि जोडीदारानं समोरून त्याला प्रश्न विचारत राहायचं. जोडीदार म्हणून त्यांनी मला निवडलं, कारण माझा चेहरा, त्यांच्या मते, जन्मजात बावळट होता. शैलाताईंच्या बेसमेंटमध्ये, ट्रेडमिल आणि वॉटर हीटरच्या मध्ये दोन घडीच्या खुर्च्या समोरासमोर मांडून आमची तालीम चालायची. मला त्यांनी एकच शब्द शिकवला. "इंजिनेर, तुजं काम येवढंच. म्या थांबलो की म्हनायचं, 'मग?' त्यात समदं आलं. पिक्चरमदी समोर नुस्ता क्यामेऱ्याचा काळा डबा आस्तो बग. त्यो कदी मग म्हनत न्हाई." आणि एक ताकीद दिली: सोंगाड्या स्टेजवर आडवा पडला तरी चालेल, उघडा पडता कामा नये, पडायला लागला की जोडीदारानं सांभाळून घ्यायचं. मी ते अगदी मनावर घेतलं.

दुकानातल्या बोलणाऱ्या मशीनशी झालेलं भांडण, बर्फ उपसताना शेजाऱ्याला घातलेला रामराम, असल्या त्यांच्या अमेरिकन बतावण्यांवर हायस्कूलचं अख्खं ऑडिटोरियम लोळायचं. एडिसनहून, फिलाडेल्फियाहून बोलावणी यायची. लोक मलाही ओळखायला लागले होते. खोटं कशाला बोलू, दिवसभर कंप्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला ते फार आवडत होतं.

आणि मग २००६च्या दिवाळीच्या कार्यक्रमात, मशीनच्या गोष्टीत अर्ध्यावर, काका थांबले. नेहमीसारखे नव्हे. डोळे माझ्यावर होते, पण त्यांत कोणी नव्हतं. लोकांना वाटलं, काय टायमिंग आहे! हशा सुरू झाला. मी म्हणालो, "मग? मशीन काय म्हणालं?" आणि गाडी रुळावर आली. पुढे त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेतली, तेव्हा मी म्हणालो, "काका, या मशीनशी भांडून झालंय, आता शेजाऱ्याकडे चला." त्याला तर टाळ्याच पडल्या. ग्रीन रूममध्ये त्यांनी टोपी काढली.

"किती येळा इसरलो?"

"तीनदा."

"लोकास्नी कळलं?"

"नाही."

"शैलीला सांगू नगंस. सांगितलंस तर मला खोलीत बसवून ठेवल ती."

जन्मभर पैसे घेऊन स्वतःचं हसं करून घेतलेला माणूस, आता खरंच हसं होईल म्हणून घाबरला होता. मी वचन दिलं. आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ मी त्यांना सांभाळून घेत राहिलो. स्टेजवर तर घेतलंच, पण शैलाताईंच्या जेवणाच्या टेबलावरही. ते नातीचं नाव विसरले की मी आधीच तिला हाक मारायचो. गेलेल्या बायकोला चहा टाकायला सांगितला की मी मोठ्यानं हसायचो, म्हणजे तो विनोद ठरायचा. इतकी चोख साथ मी कुठल्याच प्रयोगात दिली नसेल.

जानेवारीत, सगळे कामावर गेलेले असताना, ते सपाता घालून घराबाहेर पडले. कडाक्याच्या थंडीत बसस्टॉपवर किती वेळ उभे होते कोण जाणे. पोलिसानं हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा ते एकच सांगत होते, फडाची गाडी अजून आली नाही. न्यूमोनिया झाला. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर विचारत होते, विसरणं कधीपासून सुरू झालं? "दोन-तीन महिने झाले असतील," शैलाताई म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "दिवाळीपासून. गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या."

त्या मला खोलीबाहेर घेऊन गेल्या. कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, लवकर ट्रीटमेंट सुरू केली असती तर थोडं स्लो झालं असतं. थोडं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. मी त्यांना घरात एकटं ठेवून रोज ऑफिसला जात होते हो! तुम्ही कोणाला सांभाळत होतात? माझ्या बाबांना, की तुमच्या टाळ्यांना?"

काकांना दिलेला शब्द खरा होता आणि मला टाळ्या हव्या होत्या हेही खरं होतं. कशाचं पारडं जड होतं ते मी स्वतःलाही नीट सांगू शकत नाही.

गेल्या रविवारी शैलाताईंनीच बोलावलं. काकांच्या वस्तू आवरायच्या होत्या. बेसमेंटमध्ये त्या दोन खुर्च्या तशाच समोरासमोर होत्या, एकीवर काकांची टोपी. मी सवयीनं माझ्या खुर्चीत बसलो. शैलाताईंनी टोपी उचलून मांडीवर घेतली आणि त्या काकांच्या खुर्चीत बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा विसरले तिथपासून. काही गाळू नका."

मी दिवाळीच्या कार्यक्रमापासून सुरुवात केली. मशीनची गोष्ट, रिकामे डोळे, ग्रीन रूम... चहाच्या गोष्टीपाशी आलो आणि मला पुढे बोलवेना. वाटलं, त्या उठून जातील. त्या टोपीच्या काठावरून बोट फिरवत बसून होत्या. मग वर बघून म्हणाल्या,

"मग?"