रिकाम्या खुर्चीवरचा भोपळा

महिन्यापूर्वी पुतण्याचा फोन आला, "काकू, बाबा गेले." मी मेथी निवडत होते. जुडी संपवून मगच उठले. नव्वदीचा माणूस, जायचाच.

गोविंदभाऊजी माझे धाकटे दीर. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास आम्ही नौपाड्यात एका खोलीत राहायचो. भाऊजी रोज संध्याकाळी टेंभी नाक्यावर कर्ण्यावरून गावच्या बातम्या वाचायचे. दिल्लीचं रेडिओ सांगे, नळाचं आणि गटारांचं भाऊजी. नगरपालिकेची निवडणूक आली, तेव्हा त्यांनी उमेदवारांना लोकांसमोर प्रश्नोत्तरांना बोलावलं. सगळे यायला तयार, आमचे घरमालक तेवढे नाहीत. तीन चिठ्ठ्या गेल्या, तिन्ही वेळा उत्तर एकच, "सवड नाही."

मी बजावलं, "भाऊजी, ज्याच्या खोलीत राहतो त्याच्या वाटेला जाऊ नका."

"वाटेला कुठे जातोय, वहिनी? खुर्ची मांडून ठेवतो फक्त."

खुर्ची आमच्याच घरातली, लाकडी, घडीची. सभेत कुणीतरी तिच्यावर भोपळा आणून ठेवला. शिट्ट्या सुरू झाल्या. भाऊजींनी भोपळा उचलून खाली ठेवला. "अरे गोंद्या, राहू दे की, मजा येतेय!" लोक ओरडले. भाऊजी म्हणाले, "ते आले नाहीत, ही त्यांची गोष्ट. भोपळा ठेवला तर ती आपली." मग बाकीच्यांना विचारलेलेच तीन प्रश्न त्यांनी त्या खुर्चीला विचारले आणि प्रत्येकानंतर घड्याळ बघून एक मिनिट थांबले. कर्ण्यातून नुसती खरखर... दुसऱ्या प्रश्नाला शिट्ट्या बंद. तिसरा आमच्याच चाळीच्या नळाचा. त्या शांततेत मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, खरंच काही सांगण्यासारखं नाही की यांच्याकडे!"

मालक तरीही निवडून आले आणि महिन्याभरात त्यांनी आम्हाला खोली सोडायला लावली. आम्ही विठ्ठलवाडीला आलो. मी कितीतरी दिवस भाऊजींशी धड बोलले नाही. एकदा सुनावलंच, "भोपळा उचललात, त्याचं बक्षीस मिळालं ना?"

"ठेवला असता तरी खोली गेलीच असती, वहिनी. वर लोकांच्या लक्षात भोपळा राहिला असता, नळ नाही."

त्यांचं बरोबर होतं. तेव्हा कबूल केलं नाही, आता लिहून देते.

खुर्ची अजून माझ्याकडे आहे. परवा नातसुनेने तिच्यावर वाळलेले कपडे टाकले. मी उचलून पलंगावर ठेवले.

"आजी, रिकामीच तर होती!"

"म्हणूनच," मी म्हटलं.