गोदावरीबाईंनी सोडवलेला काठ

आमच्या गावच्या गोदावरीबाईंवर आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. माझ्या म्हशी आज तलावात मनसोक्त डुंबतात त्या याच बाईमुळं, पण म्हशींना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितो.

एकोडीहून आमच्याकडं येताना डाव्या हाताला तलाव लागतो. त्याचा काठ कोण्या एकाच्या सातबाऱ्यावर नाही, म्हणजे सगळ्यांचा. ढिवरांची जाळी तिथं वाळतात, गुरं तिथूनच पाण्यावर उतरतात, बायांचं धुणंही तिथंच. यंदा पावसाआधी घनश्यामनं तो काठ नांगरला. पाणी चढू नये म्हणून तलावाच्या बाजूनं मातीचा उंच धुरा घातला आणि पाऊस लागताच धान रोवून मोकळा झाला. विचारलं तर म्हणे, रिकामीच तर पडली होती.

मी ग्रामसभेत ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, त्याचा तेवढाच उपयोग. बाकीचे आपापल्या पायांकडं बघत बसले, कारण गावात ट्रॅक्टर घनश्यामचा आणि अडीनडीला धावून येणाराही तोच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वर आणखी दोघं उरलेल्या काठाकडं डोळा लावून होते. घनश्यामचं खपलं की त्यांचंही खपणार होतं.

घनश्याम हा गोदावरीबाईंचा धाकटा दीर. त्यांचे मालक गेले तेव्हा पोरं लहान होती. तेव्हापासून दरवर्षी घनश्याम आधी वहिनीच्या बांध्या, म्हणजे धानाची वावरं, रोवून द्यायचा, मग स्वतःच्या. या माणसाचं नाव काढल्याशिवाय गोदावरीबाई जेवायला बसत नसत. तुमचं तो ऐकेल, तुम्ही बोला, असं बायांनी त्यांना कितीदा म्हटलं, पण त्या गप्पच. खाल्ल्या मिठाला जागणार, दुसरं काय, असं मी पानठेल्यावर बोलून गेलो. त्यांची सून चंदा मात्र सांगायची की सासूबाईंचं जेवण सुटलंय. भाऊजी तुटले तर माझं कोण उरलं, असं त्या घोकत होत्या, आणि काठ गेला तर गावाला काय तोंड दाखवू, असंही.

राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली आली. टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचे पिवळे अंकुर वाढवायचे आणि या दिवशी तलावात शिरवायचे, म्हणजे विसर्जन करायचे, अशी आमच्याकडची रीत. मग त्यातलेच मूठभर मागं ठेवलेले अंकुर एकमेकांना देऊन वर्षाचं भांडण मिटवायचं. बाया टोपल्या घेऊन वाजतगाजत निघाल्या आणि घनश्यामच्या धानापाशी अडल्या. पाण्याकडं जायला वाटच नव्हती. तरण्या सुनांनी लुगडी खोचली आणि सरळ धान तुडवायला निघाल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गोदावरीबाई आडव्या आल्या. उभ्या धानावर पाय द्यायचा नाही, अन्न आहे ते, एवढंच बोलल्या आणि टोपली घेऊन घनश्यामच्या दाराकडं वळल्या. मागं सगळ्या बाया, त्यांच्या मागं मी.

घनश्याम ओट्यावर बसला होता. गोदावरीबाई टोपली घेऊन त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"तुमचे उपकार मी विसरली नाही, भाऊजी. दुसऱ्यानं नांगरलं असतं तं मी तहसीलीत गेली असती. तुमच्या दारात आली, काहून का तुम्ही माह्या घरचे आहा. तलावाले वाट द्या."

तेवढ्यात त्याची बायको आनंदाबाई घरातून स्वतःची भुजली घेऊन आली आणि जावेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिलाही ती शिरवायचीच होती. घनश्यामनं एकदा दोघींकडं पाहिलं, खांबाला खोचलेला विळा काढला आणि तलावाकडं चालू लागला. रागानं की लाजेनं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बांधीत उतरून त्यानं पहिली मूठ धरली. गोदावरीबाईंनी त्याचा हात थांबवला.

"कापू नका. मुळासकट उपटा. देवळामागची माही बांधी मी चिखल करून रिकामी ठेवली आहे. हे सारं तिथं लावू. धान तुमचं, कापणीही तुमचीच."

महिनाभर ही बाई गप्प का होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. जे बोलायचं ते रिकाम्या हातानं बोलायचं नाही, एवढ्यासाठी तिनं यंदा दिराला रोवू न देता, जिच्यावर तिचं घर वर्षभर खातं ती चांगली बांधी रिकामी ठेवली होती. मी पानठेल्यावर काय बोललो होतो ते आठवून मला तिथल्या तिथं रडू आलं, आणि मी सहजासहजी रडणारा माणूस नाही.

बायांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि उपटायला लागल्या. मी जुड्या बांधून वाहिल्या. दिवस कलता कलता काठ मोकळा झाला, घनश्यामनं आपल्या हातानं धुरा फोडला आणि पाणी आपल्या जुन्या जागेवर आलं. भुजली शिरवून झाल्यावर त्यानं वहिनीच्या हातात अंकुर दिले, पाया पडला आणि तसाच वाकलेला राहून विचारलं,

"आन् वहिनी, यंदा तुम्ही काय खाल?"

"इतकी वर्षं काय खाल्लं मी?" गोदावरीबाई म्हणाल्या. "तुमच्याच हातचं खाल्लं ना, भाऊजी?"