लांबचा वळसा

पडदे शिवणाऱ्या त्या बाईला बाजारात सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एक पडदा अर्धा शिवून ती दुसऱ्याचं माप घ्यायला उठायची, माप अर्धं टाकून चहा ठेवायची, आणि चहा उतू गेला की स्वतःलाच शिव्या घालायची. तिचा जीव थाऱ्यावर येई तो फक्त रविवारी, तलावावर, दोघांपुरत्या शिडाच्या होडीत. शिडाचा दोर हातात आला की हातांना काम मिळायचं आणि बाई शांत व्हायची.

पण दोन वर्षांपासून तिथलीही शांतता गेली होती. तिचा नवरा समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा. वारा पाठीवर असताना होडी वळवली की शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला झेपावतो. म्हणून आधी दोर भराभर ओढून दांडा मधोमध आणायचा असतो. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी भिंगरी होडीत नवऱ्यासमोर कुणा गिऱ्हाइकाची नक्कल करण्यात रंगली होती. दोर आवरायचा राहिला आणि दांडा नवऱ्याच्या उजव्या कानावर बसला. कान कायमचा गेला. आता तो घड्याळ डाव्या कानाला लावून टिकटिक ऐकतो. समोरून ते दिसलं की भिंगरी हातातली शिवण टाकून उठते.

तेव्हापासून ती वाऱ्याकडे पाठ करून वळलीच नाही. होडीचं नाक वाऱ्यात घालून वळणं तिला अजून सहज जमे: सुकाणू ढकलायचं, वाकून पलीकडे जायचं, पाठीमागे हात बदलायचे, दोर अंगठ्याखाली दाबून ठेवायचा. म्हणून चटकन वळता येईल तिथेही ती उलटा, लांबचा वळसा घालून यायची. होडी एका अंगाने चालली की नवऱ्याचा बहिरा कान तिच्याकडे येई. तेवढ्यात ती पुटपुटून घेई, "चुकलं हो माझं." होडी वळली, चांगला कान इकडे आला, की बाई गप्प.

त्या रविवारी होडीत पाय टाकण्याआधीच नवरा म्हणाला, "आज लांबचा वळसा नको. तसंच फिरायचं असेल तर मी काठावर बसतो. आणि पुढच्या रविवारपासून घरी."

"मस्करी करताय?"

"दोन वर्षं तू वारा बघत नाहीस, माझा कान बघतेस. कंटाळलो मी."

ती सुकाणूपाशी बसली, उठली, दोर सरळ केला, परत तोच दोर सरळ केला. रविवार गेला तर मग उरलं काय? शेवटी ती म्हणाली, "बसा."

तलावाच्या मध्यावर वारा पाठीवर आला. बहिरा कान तिच्याकडे होता.

"वळतेय! वाका!" ती ओरडली. नवरा आधीच वाकून बसला होता.

तिने सरसर दोर ओढला. दांडा मधोमध आला, होडी फिरली, दांडा पलीकडे गेला. त्याच्याखालून दोघंही दुसऱ्या बाजूला सरकली. इथवर सगळं नीट झालं. आता दोर लगेच सैल सोडायचा, तर मूठच उघडेना. शीड तटतटलं, होडी कलली, पाणी आत आलं.

"दोर सोड! अगं, सोड!"

तिने मूठ उघडली. दोर तळवा भाजत निघाला आणि होडी सरळ झाली. तोंडातून सवयीने निघालं, "चुकलं हो माझं."

आता चांगला कान इकडे आलाय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"ऐकलं," तो तोंडावरचं पाणी पुसत म्हणाला. "तसं दर रविवारी कळायचंच. ओठ दिसतात की मला."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"या कानाला कधी सांगतेस, त्याची वाट बघत होतो."

भिंगरीला रडू फुटलं. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोर. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"परत तशीच वळव," नवरा म्हणाला, आणि तिने दोर ओढायच्या आतच दांड्याखाली वाकून बसला.