उरलेल्यांचा शोध

दगड हातात आला की सर आधी त्याला जीभ लावायचे. दगड ओला झाला की आतलं जीवाश्म उठून दिसतं, हे खरं कारण. पण पहिल्या तासाला पोरं खिदळायचीच. सर शांतपणे दगड पुढे करायचे. "हसून झालं? आता बघा, हाय का न्हाई काही."

असायचं. मधे भोक असलेल्या मण्यासारखी बारीक चकती. सागरकमळाच्या देठाचा तुकडा. नाव कमळाचं, पण हा प्राणी, तारामाशाच्या नात्यातला.

लातूरच्या त्या कॉलेजात मी सोळा वर्षं सरांचा प्रयोगशाळा सहायक होतो. एका खोलीत आयुष्य मावणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडे सगळा लाव्हाचा काळा दगड, त्यात समुद्र कुठला? म्हणून सर दर उन्हाळ्यात हिमालयात, स्पितीला जायचे आणि पोत्यांत माती घेऊन यायचे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रातले बहुतेक जीव संपले. त्याच्या लगेच वरच्या थरातली ही माती. ती भिजवायची, चाळायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशानं चकत्या उचलायच्या. आठवड्यात दोन सापडल्या तरी सर खूश. "मेलेल्यांचं सगळेच सांगतात," म्हणायचे. "उरलं कोण, ते मी बघायलोय."

एकदाच मी कारण विचारलं. चाळणी हलवत सर म्हणाले, "भूकंप झाला तवा मी नांदेडला नोकरीवर. किल्लारीत पोचलो, दोन दिवस हातानं दगड उपसले. बायको सापडली. लेक न्हाई. सव्वा वर्षाची होती. मग सरकारनं तिथली जमीन सपाट केली." चाळणी झटकून म्हणाले, "चहा सांगा."

पुढे विद्यार्थी आटले. सगळे डॉक्टर व्हायच्या क्लासला. भूशास्त्राचा विभाग बंद झाला, त्याच महिन्यात सर छातीच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पोती तेवढी सांभाळा."

आठवड्यानं प्राचार्यांनी प्रयोगशाळेची चावी मागितली. "दगडमातीच आहे ना?" मी चावी दिली. सरांना फोन करायचा धीर झाला नाही. त्यांच्या माणसांनी पोती, कपाटातल्या काचपट्ट्या, सगळं मागच्या खड्ड्यात ओतलं आणि गाड्या लावायला जागा केली.

सर परतले तेव्हा मीच त्यांना तिथं नेलं. छातीवर टाके असताना ते खाली बसले आणि हातानं माती उकरू लागले.

"सर, उठा. टाके तुटतील."

"थोडं बघू द्या."

मीही शेजारी बसून उकरू लागलो. दुपारपर्यंत एक फुटकी काचपट्टी आणि सरांच्या अक्षरातली एक चिठ्ठी निघाली. मग त्यांनी हात थांबवले.

"चावी कुणी दिली?"

"मी."

त्यांनी हातावरची माती झटकली. "बरं," म्हणाले आणि गेटकडे चालू लागले. त्यानंतर ते कॉलेजात आले नाहीत.

दिवाळीच्या आधी सर गेले. मी किल्लारीला त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या धाकट्या भावानं मला आत बसवलं, पाणी दिलं.

"दादाचं ते सगळं सामान कॉलेजात हाय ना?" त्यानं विचारलं. "शेवटपर्यंत सांगायचा, काळजी करू नका, आमचे सहायक लई जपतात."

मी होकारार्थी मान हलवली.