टर्बो आणि टँकर

शहादेव मिस्त्रीचं तोंड फाटकं आहे, हे केजमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत हा सुरू होतो. "आईल कदी बदललतं बे? लग्नात?" जीपवाले, ट्रॅक्टरवाले, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, सगळ्यांचा त्यानं कधी ना कधी पाणउतारा केलेला आहे. स्वभाव आहे म्हणून सोडून द्यावं, असं काही जण म्हणतात. त्यात सोडून देण्यासारखं काही नाही. स्वभाव त्याचा असला तरी त्याचा त्रास लोकांना होतो, आणि त्याच्या आईला सगळ्यात जास्त.

तरुणपणी तो पुण्याला होता. भोसरीच्या बाजूला एक गॅरेज होतं, तिथं श्रीमंतांच्या पोरांच्या गाड्या यायच्या. चांगल्या चालणाऱ्या गाड्या. त्या आणखी जोरात पळाव्यात म्हणून त्यांची इंजिनं उघडायची, मोठे पाइप घालायचे, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बदलायचा, लॅपटॉप लावून पेट्रोल किती आणि कधी जावं ते नव्यानं ठरवायचं. या कामाला ट्यूनिंग म्हणतात. शहादेव त्यात तरबेज झाला. मग एका गिऱ्हाइकानं "ए खेड्या" म्हणून हाक मारली आणि यानं हातातला पाना त्याच्या अंगावर भिरकावला. पाना माणसाला लागला नाही, काचेला लागला. नोकरी गेली. केजला परत येऊन त्यानं अंबाजोगाई रस्त्यावर पत्र्याचं शेड टाकलं आणि जीपचे क्लच बदलायला लागला. आपल्याला जे येतं त्याचं इथं कुणाला काही नाही, हा राग त्यानं येणाऱ्या प्रत्येक क्लचवर काढला.

घरात आई, तुळजाबाई, आणि दोन म्हशी. त्यातली एक चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तुळजाबाई पोराशी जेवढं बोलायची त्याच्या दुप्पट चांदीशी बोलायची. निदान चांदी उलट उत्तर देत नव्हती.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मांजरा धरणाच्या पोटात पोरं क्रिकेट खेळत होती. विहिरी गेल्या, बोअर गेले, कडबा सोन्याच्या भावानं गेला. गावाबाहेरच्या माळावर दूध संघानं जनावरांची छावणी काढली होती. त्या वर्षी दूध संघात दुधाचा पत्ता नव्हता. पण चेअरमन होते, संचालक होते, आणि वैशाखात निवडणूक होती. चेअरमन मोहनराव. छावणी बघायचा त्यांचा मुलगा, धर्मराज. कोणाच्या जनावराला कानात बिल्ला मारून आत घ्यायचं आणि कोणाच्या नाही, हे धर्मराजच्या मानेवर ठरायचं. मान खाली झाली की आत, आडवी झाली की रस्त्यावर.

तुळजाबाईच्या दोन्ही म्हशी आत होत्या. ती तिथंच गोणपाटाच्या चवाळ्याचा आडोसा करून राहायची. चांदी गाभण होती, वैशाखाच्या शेवटी व्यायची. चारा थोडा कमी पडला तर चालेल, पण पाणी पाहिजे, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पाण्याचा टँकर दिवसातून एकदाच यायचा.

शहादेव आणि धर्मराज शाळेत एका बाकावर होते. दोघांचं कधी पटलं नाही आणि त्याला फार मोठं कारणही नव्हतं. काही माणसं एकमेकांना डोळ्यासमोर नको असतात, एवढंच.

माणसं पाण्याच्या रांगेत उभी असताना त्या धर्मराजनं मुंबईहून गाडी आणली. जुनी, जपानी, लाल, दोनच सीटची. जमिनीला इतकी टेकलेली की केजच्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. पुढचं झाकण उघडलं तर आत सामानाची जागा आणि रेडिएटर, इंजिनचा पत्ता नाही. इंजिन सीटच्या मागं, गाडीच्या मधोमध. बाजारातल्या म्हाताऱ्यांनी वाकून वाकून पाहिलं. "इंजिन इसरून आला जनू," एक जण म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या रस्त्यावर एका ठेकेदाराच्या पोरानं आपली मोठी गाडी या लाल गाडीच्या पुढं काढली, आणि काढताना हात हलवला. धर्मराज तडक शहादेवच्या शेडवर आला.

"शहादेव, पुन्यात हेच करायचास ना? हिची पॉवर वाढवून दे."

शहादेव जीपखाली पडलेला होता. बाहेर आला नाही. "न्हाई."

"कावून?"

"तुजी हाय म्हनून."

धर्मराज आला तसा निघून गेला. संध्याकाळी तुळजाबाई दोन्ही म्हशी हाकत शेडवर आली. म्हशींच्या कानात बिल्ले नव्हते.

"काडून घेतले. म्हनं जागा न्हाई," ती म्हणाली. मग पोराकडं बघून तिनं विचारलं, "काय म्हनलास त्याला?"

काही म्हणालास का, असं तिनं विचारलं नाही. काय म्हणालास, एवढंच विचारलं. शहादेवला त्याचा फार राग आला, आणि खरं असल्यामुळं जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी तो छावणीवर गेला. धर्मराज खुर्ची टाकून बसला होता, भोवती दहा-बारा माणसं.

"आन गाडी," शहादेव म्हणाला.

"भैय्या म्हन."

माणसं हसू दाबत उभी होती. शहादेवनं मान फिरवली, तर पुन्हा आत घेतील या आशेनं आईनं गेटाबाहेर आणून बांधलेली चांदी रिकामं घमेलं चाटत होती.

"आन गाडी, भैय्या."

बिल्ले परत मिळाले. आणि शहादेव असा पेटला की त्यानं त्या गाडीवर जीव तोडून काम केलं. वाईट काम करून सूड घेता आला असता. पण त्याला वाईट काम करताच येत नव्हतं, ही त्याची अडचण. पुण्याच्या जुन्या ओळखीतून मोठा टर्बो मागवला. सायलेन्सरचा पाइप मनगटाएवढा होता, तो दंडाएवढा केला. लॅपटॉप मांडून पेट्रोलची गणितं केली, चुकली, पुन्हा केली. दोनदा इंजिन धूर ओकत बंद पडलं, तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याला विनाकारण शिव्या बसल्या.

अशा गाडीची एक खोड असते. इंजिन पुढं असलं तर समोरून वारा लागतो. हिचं इंजिन मागं कोंडलेलं, दारांमागच्या फटींतून जेवढा वारा शिरेल तेवढाच. गाडी पळत असली तर भरपूर वारा, उभी राहिली की आत भट्टी. ती भट्टी निवावी म्हणून कंपनीनं आत एक पंखा दिलेला असतो. नवा टर्बो मोठा होता, पंख्याच्या जागेत घुसत होता. शहादेवनं पंखा काढून टाकला.

पहाटे तो एकटाच ती गाडी घेऊन नेकनूरच्या दिशेनं गेला. पाय दाबला आणि कानामागं टर्बोनं असा श्वास ओढला की त्याच्या अंगावर काटा आला. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहिली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणाचाच राग येत नव्हता. भोसरी सोडल्यापासून हातात अडकून राहिलेलं सगळं त्या इंजिनात उतरलं होतं. परत येताना छावणीचं गेट दिसलं आणि ही गाडी कोणाची आहे ते आठवलं. मग राग आला, तो आधीपेक्षा दुप्पट.

किल्ली देताना त्यानं सांगितलं, "पंखा काडलाय. हिला पळवायचं. रांगवायचं न्हाई. गर्दीत घालू नका, उकळंल."

"पळवायलाच घेतलीय बे," धर्मराज म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्यानं ठेकेदाराच्या पोराला मांजरसुंब्याच्या अलीकडं असं मागं टाकलं की ते पोर महिनाभर केजला फिरकलं नाही. लोक म्हणाले, भैय्याची गाडी लई भारी. मिस्त्रीचं नाव कुणी घेतलं नाही. शहादेवला तशी अपेक्षाही नव्हती, पण राग आलाच.

निवडणूक झाली. मोहनरावांचं पॅनल सगळ्या जागांवर निवडून आलं. मिरवणूक बाजार समितीपासून निघून छावणीवर जायची होती, कारण तिथं शेतकऱ्यांपुढं भाषण होतं. धर्मराजनं हुकूम सोडला, लाल गाडी सगळ्यात पुढं. आणि शहादेवनं मोटारसायकलवर पाने घेऊन मागं राहायचं.

"म्या काय सांगितलतं?" शहादेव म्हणाला.

"एक दिवसानं काय होतंय? अन् तोंड कमी चालव."

वैशाखाचं ऊन, दुपारी दोनची वेळ. पुढं डी.जे., वर जेसीबीच्या खोऱ्यातून गुलाल, आणि मधे ती गाडी, नवरदेवाच्या घोड्यापेक्षा हळू. त्यात पोरं काचेवर थापा मारून ओरडायची, "भैय्या, रेस!" की धर्मराज जागच्या जागी पाय दाबायचा. मागच्या पाइपातून फटाके उडाल्यासारखा आवाज निघायचा आणि पोरं नाचायची. मागून येणाऱ्या शहादेवच्या तोंडावर त्या गाडीची धग लागत होती. आत टर्बो लाल झाला असणार, हे त्याला न बघता कळत होतं. तो दात खाऊन मोटारसायकल चालवत राहिला.

छावणीच्या गेटात गाडी उकळली. मागच्या जाळीतून वाफेचा लोट निघाला आणि गाडी बंद पडली. धर्मराज उतरला. पांढरे कपडे गुलाबी झालेले, चेहरा त्याहून लाल.

"पानी आना! इंजिनवर पानी मारा!"

तापून लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की काय होतं ते तिथं एकट्या शहादेवला नेमकं ठाऊक होतं. तडा. इंजिन गेलं, टर्बो गेला, सगळं गेलं. त्याचं स्वतःचं कामही गेलं. तरी त्याच्या काळजाला गारवा वाटला. तो मोटारसायकलवर हाताची घडी घालून बसून राहिला. कुणीतरी बाटली आणेल, फार तर घागर. ओता लेको. भैय्या म्हणायला लावतोस काय? त्याला हसू आलं, आणि त्यानं ते दाबलं नाही.

बाटली आली नाही. टँकर आला.

छावणीचा टँकर. त्या दिवशीचा एकुलता एक, नुकताच येऊन हौदाशी लागलेला. मिरवणुकीमुळं त्याला आधीच उशीर झाला होता. सकाळपासून तोंडं वासून उभी असलेली जनावरं पाण्याच्या वासानं दाव्यांना हिसके देत होती, आणि पोरांनी टँकर उलटा घेत गाडीपाशी आणला. हौदाशी तुळजाबाई रिकामी बादली धरून उभी होती. शेजारी दिवस भरत आलेली चांदी, जीभ बाहेर.

शहादेवनं मोटारसायकल तशीच आडवी टाकली आणि पळाला.

"थांबा! पानी नका मारू! इंजिन फुटंल! झाकन उघडा फकस्त, आपोआप निवंल! भैय्या, ऐका माजं, फुटंल ती!"

धर्मराज त्याच्याकडं वळला. मग त्यानं थंडपणे विचारलं, "आत्ता हसत कोन व्हतं?"

"भैय्या..."

"बघा बे, भैय्या म्हनतोय! कुनी न सांगता!" धर्मराजनं भोवतीच्या पोरांकडं पाहिलं. "गाडी जळावी म्हनून पानी अडवतोय ह्यो. मला म्हाईत न्हाई का ह्याचं मन?"

आणि खरंच, त्याचं मन सगळ्यांनाच माहीत होतं. सबंध केजमध्ये एकही माणूस असा नव्हता, की ज्याला शहादेव मिस्त्री धर्मराजची गाडी वाचवायला धावलाय असं वाटलं असतं. त्यानं टँकरच्या नळाला हात घातला, तर दोघांनी त्याला मागं ओढून खाली पाडलं. त्यानं शिव्या दिल्या. शिव्या ऐकून लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली.

नळ उघडला. जाळीवर पाण्याचा लोट पडला आणि आतून आवाज आला, कोरडा, मोठा, एकच. शहादेवनं डोळे मिटले. बाकी कुणाला काही कळलं नाही. वाफ निघाली तशी पोरांनी आरोळी ठोकली. गाडी निवली असं समजून एक जण त्या पाण्याखाली गुलाल धुवायला शिरला, त्याच्या मागं दुसरा, मग सगळेच. डी.जे.वाल्यानं आवाज वाढवला. पोरं पाण्यात नाचली, एकमेकांवर चिखल उडवला, नळ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. माळावरून गुलाबी ओघळ वाहत गेला. टँकरचा तळ वाजला तेव्हा कुठं मोहनरावांनी माइक हातात घेऊन शेतकऱ्यांना अभिवादन केलं.

जनावरं ओरडत होती, त्यामुळं भाषण नीट ऐकू आलं नाही.

गाडी नंतर ढकलून नेली. ती पुन्हा सुरू झाली नाही. शहादेवनं मुद्दाम पंखा काढून इंजिन फोडलं असं धर्मराजनं सगळीकडं सांगितलं, आणि लोकांनी ते मानलं. पण ते पुढचं. त्या दुपारी शहादेव अंगावरचा चिखल न झटकता हौदाशी गेला. हौद कोरडा होता. दुसरी म्हैस उद्यापर्यंत कळ काढील, पण चांदीचं तसं नव्हतं; तुळजाबाई तिचं दावं सोडत होती. पलीकडच्या वस्तीवर एका बोअरला थोडं पाणी आहे असं तिनं ऐकलं होतं. उन्हातून दोन कोस.

"माय, म्या वरडून सांगितलं त्यायला. पानी मारू नका म्हनलं."

"आईकलं म्या."

"मंग?"

"आदी हसलास," तुळजाबाई म्हणाली. "ते बी बगितलं."

 चांदीला घेऊन आपणच जावं म्हणून शहादेवनं दावं धरलं. तुळजाबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं.

"सोड," ती म्हणाली.

त्यानं सोडलं. ती गाभण म्हैस घेऊन, एक-एक पाऊल टाकत, माळावरून चालायला लागली.