सासूचं मडकं

पुण्याहून एक बाई आली होती आमच्या पोंभुर्ण्याकडच्या रानात. बिअर आंबवाले नवीन खमीर पायजे म्हणे. मी म्हनलो, "बाई, खमीर तं किराणा दुकानात भेटते."

"भाऊ, ते सगळ्यांकडं आहे. मला कोणाकडंच नसलेलं हवंय. ते फुलांवर, सालीवर असतं. डोळ्यांना दिसत नाही."

न दिसणारी वस्तू शोधाले माह्यासारखा माणूस बरा. दिसणारी तं मले भेटतच नाई. मोहफुलं, टेंभरं, झाडाची सालपटं, सारं दाखवलं. बाई कापसाची काडी फिरवे अन् नळीत टाके. पण चार-आठ दिवसांत नळीतलं एकबी खमीर जगलं नाई.

मंग माह्या तोंडाले खाज सुटली. "आमच्या घरी बायकोच्या मायनं देल्लं मडकं हाय. त्यात मोहफुलं अन् पाणी टाकलं का आपोआप फेसते."

माय गेली तवापासून बायको वर्साच्या वर्साले त्या मडक्यातली पयली धार मायच्या नावानं सांडते. हे बाईले सांगाचं राह्यलं.

बाई म्हनाली, "उद्या येते. आतून थोडं खरडून घेईन."

आता घरी पाहुणा येणार म्हनलं का आपल्यात भांडे घासतेत. दुसऱ्या दिशी बायको पहाटेच फुलं येचाले गेली होती. मी राख घेतली, वरून साबण लावला, अन् ते काळं मडकं घासू घासू लालभडक केलं. जिंदगीत पयल्यांदा घरचं भांडं घासलं, तं हे.

बाई आली, काडी फिरवून गेली. मंग बायको आली, मडकं उचललं, आतून बोट फिरवलं अन् वास घेतला.

हप्त्यानं बाईचा फोन आला. "भाऊ, मडकं धुतलं होतं का?"

"चकाचक."

बाई म्हनाली, "त्या काळ्या थरातच होतं हो ते खमीर."

बायकोनं तरी त्यात फुलं भिजवून पाह्यली. पाणी गोडच राह्यलं, मंग वर बुरशी धरली.

यंदा तिनं शेजारणीकडून वाटीभर मोहाची दारू मागून आणली. सांडताना म्हनाली, "माय, हे तुह्या मडक्यातलं नोय. जावयानं तुले धुऊन काढलं."

ती हसावी म्हणून मी म्हनलो, "माहं डोस्कं बी असंच कोणी घासलं असन."

"नाई," ती म्हनाली. "त्यात कवा काई नव्हतंच."

मडकं चुलीमागं हाय. ती त्याले फोडत नाई, अन् मले हात लावू देत नाई.