वळसंगची मेंढी

सरकारी दूरचित्रवाणीवर निर्माती म्हणून मला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी आळीत पेढे वाटले. त्यानंतर कितीतरी वर्षं आळीतल्या बायका मला एकच विचारत राहिल्या, "मालिका कधी काढताय?" निर्माती म्हणजे सोफ्यावर बसून नटनट्यांना हुकूम सोडणारी बाई, असा त्यांचा समज होता. माझाही तसाच होता, खोटं कशाला सांगू. प्रत्यक्षात सरकारी निर्माती म्हणजे कार्यक्रमाआधी पाहुण्यांची खुर्ची पुसणारी, फुलदाणीतल्या प्लॅस्टिकच्या गुलाबांवरची धूळ फुंकणारी, आणि पाहुण्यांचा सदरा मागच्या पडद्याच्याच रंगाचा निघाला की नवऱ्याचं जाकीट घरून मागवणारी कर्मचारी. ज्या हुद्द्यावर लागले त्याच हुद्द्यावरून मी आता निवृत्त होणार आहे. बढतीची यादी न्यायालयात अडकलीय, असं मला रुजू झाल्या दिवसापासून सांगतायत. माझ्याबरोबर लागलेले दोघं-तिघं खाजगी वाहिन्यांवर गेले. तिथं ते ओरडून बातम्या देतात आणि दिवाळीला फोन करून मला विचारतात, "तू अजून तिथंच?"

हो, तिथंच. आमचं सोलापूरचं केंद्र म्हणजे एक मनोरा, एक स्टुडिओ, आवारातली चार लिंबाची झाडं आणि एक एसी. हा एसी यंत्रांसाठी आहे, माणसांसाठी नाही. भर उन्हाळ्यात मी मशिनच्या खोलीत जाऊन उभी राहायचे, आणि कुणी विचारलंच तर मशिन तपासतेय असं सांगायचे. मुलाखतीत निवड समितीनं मला विचारलं होतं, तुम्हाला दूरचित्रवाणीवर काय करायचंय? मी तावातावानं सांगितलं होतं, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा माणसांपर्यंत मला पोचायचंय. समितीतले एक जण तेव्हा बिस्कीट खात होते. ते हसले होते, ते का, हे मला पुढं नोकरीत कळलं.

माझ्याकडे शेवटपर्यंत राहिलेला एकच कार्यक्रम. दर बुधवारी संध्याकाळी अर्धा तास, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांसाठी, थेट प्रक्षेपण. समोर जनावरांचे डॉक्टर बसणार, प्रेक्षकांनी फोन करायचा, डॉक्टरांनी उत्तर द्यायचं. योजना उत्तम होती. अडचण एवढीच, की ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्यांच्याकडे नेमकी त्याच वेळेला लाइट नसायची. कार्यक्रमाची वेळ बदलावी म्हणून मी वर लिहिलं. वरून उत्तर आलं, वीज कार्यालयाला पत्र लिहून लाइटची वेळ बदलून घ्यावी.

त्यामुळे फोन वाजायचा नाही. थेट प्रक्षेपणात न वाजणाऱ्या फोनकडे बघत बसलेले डॉक्टर फार केविलवाणे दिसतात. त्यावर आमच्याकडे जुना पायंडा होता. शेजारच्या स्टोअरच्या खोलीत जाऊन आमच्यातल्याच कुणीतरी फोन लावायचा आणि शेतकरी व्हायचं. खुर्ची, कपाटाची किल्ली आणि हा पायंडा, तिन्ही गोष्टी मला आधीच्या निर्मात्यांकडून एकत्रच मिळाल्या. हिंदी अधिकारी शेतकरी व्हायचे तेव्हा "महोदय, मेरी बकरी" असं तोंडातून निघायचं. कॅमेरामन तेलुगू विणकरांच्या घरातला, त्यानं उभ्या जन्मात मेंढी जवळून पाहिली नव्हती. मग मी आमच्या ड्रायव्हरला खोलीत पाठवलं.

हा ड्रायव्हर कायमचा हंगामी होता. म्हणजे दरवर्षी त्याला काढून टाकत आणि दरवर्षी परत घेत. पहिल्याच बुधवारी त्यानं फोन लावला आणि म्हणाला, "मी वळसंगवरनं बोलतूय. माझी येक मेंढी हाय, लई गुणाची, पन सकाळधरनं चाराच घेईना की!" आम्ही सगळे काचेपलीकडे एकमेकांकडे बघायला लागलो. इतकं खरं आमच्या केंद्रावर पूर्वी काही ऐकू आलंच नव्हतं.

तेव्हापासून ती मेंढी आमच्या कार्यक्रमाची नायिका झाली. तिला पोटफुगी झाली, जंत झाले, तिनं शेजाऱ्याची ज्वारी खाल्ली आणि त्यावरून भांडणं झाली. दर मंगळवारी ड्रायव्हर माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, "म्याडम, उद्या मेंढीला काय करायचं?" आळीतल्या बायकांना मी सांगू शकत नव्हते, पण मालिका मी काढलेली होती.

डॉक्टर निवृत्त पशुवैद्य होते. बायको वारलेली, मुलगा परदेशात. दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. त्यांना आणायला आणि सोडायला जीप घेऊन जाणारा तो हाच ड्रायव्हर. परतताना डॉक्टर मागच्या सीटवरून कुरकुरायचे, "तो वळसंगचा गडी माझं एक ऐकत नाही बघ. औषध अर्धवट सोडतो." ड्रायव्हर आरशात न बघता म्हणायचा, "आडानी लोक, सायेब. काय करनार."

मग केव्हातरी लाइटचं वेळापत्रक आपोआप बदललं. माझ्या पत्रामुळं नव्हे, हे सांगायला नकोच. आणि खरोखरचे फोन यायला लागले. पहिला खरा फोन आला तेव्हा मी आनंदानं कॅमेरामनच्या पाठीत धपाटा घातला. फोनवरचा माणूस म्हणाला, "माझं काय न्हाय, ती वळसंगची मेंढी कशी हाय तेवढं इचारायचं हुतं." पुढचे दोघंही तेच. लोक स्वतःच्या शेळ्यांबद्दल मागाहून विचारायचे, आधी मेंढीची खुशाली.

हे सगळं छान चाललंय हे वरच्यांच्या लक्षात आलं असावं, कारण लगेचच मनोरे बंद करायची भाषा सुरू झाली. जमिनीवरून होणारं प्रक्षेपण आता कालबाह्य, स्थानिक कार्यक्रम बंद, सगळं राजधानीतून एकदम. आमच्या केंद्राचं काय करायचं ते ठरवायला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. माझी निवृत्ती जवळ आलेली. मला माझी काळजी नव्हती, पण तो अर्धा तास जाईल या विचारानं मला जेवण गोड लागेना. सगळ्या नोकरीत एवढीच एक गोष्ट मला हवी तशी झाली होती, तीही खोट्या मेंढीच्या जिवावर.

ड्रायव्हरनंच तोड काढली. म्हणाला, "म्याडम, आपुन मेंढी आजारीच ठिवू. आजारी जनावर मधीच सोडून कोन कारेक्रम बंद करंल?" मला ते पटलं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही पटलं, यावरून माझी अक्कल ओळखावी.

साहेब आले. सोलापूरच्या रिवाजाप्रमाणे आम्ही शालीऐवजी चादर देऊन त्यांचा सत्कार केला. त्यांनी चादर उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "यात निळा रंग येतो का?" निळी चादर आणून झाल्यावर ते काचेपलीकडे बसले. कार्यक्रम सुरू झाला. स्टोअरच्या खोलीतून वळसंगचा आवाज आला, आणि ड्रायव्हरनं त्या दिवशी कमाल केली. मेंढी लंगडत होती, मग तिनं बसकण मारली, आता उठतच नाही. "पोरं जेवंनात सायेब घरातली," तो म्हणाला आणि त्यानं फोनवरच नाक शिंकरलं. डॉक्टरांनी खूर धुवायला सांगितला, जागा कोरडी ठेवायला सांगितली, आणि म्हणाले, "पुढं काय करायचं ते बुधवारी बघू."

चहाच्या वेळी साहेब माझ्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, "मेंढी वाचते का हो पुढं?"

मी म्हटलं, "पुढचा भाग झाला तर कळेल, सर."

साहेब हसले. दोन्ही चादरी घेऊन गाडीत बसले. त्या आठवड्यातच कार्यक्रम बंद झाल्याचा आदेश आला. प्रेक्षकांना निरोपाचे दोन शब्द सांगायची परवानगी मी मागितली, तर उत्तर आलं की जो कार्यक्रम बंद झालेला आहे त्यात निरोप देता येत नाही.

स्टुडिओला कुलूप लागलं. फोन मात्र तोडला नाही, कारण तो तोडण्याचे अधिकार दुसऱ्या खात्याकडे होते. काही आठवड्यांनी एका दुपारी तो वाजला. मी उचलला. पलीकडे एक बाई होती.

"अक्का, टीव्हीत नुस्त्या मुंग्या येत्यात. बुधवारचं ते लागंना झालंय. ती वळसंगची मेंढी उठली का वो?"

मी म्हणणार होते, उठली. तोंडावर आलंच होतं. एवढ्यात ती म्हणाली, "न्हाय, आमची बी तशीच बसलीया. डॉक्टरांनी सांगितलं तसं खूर धुतीया रोज. फुडचं बुधवारी सांगतो म्हनले हुते, म्हनून वाट बघतीया. वळसंगच्या बाजारात त्या पाव्हन्याची चौकशी केली, तर कुनालाच म्हाईत न्हाय."

आमची मेंढी कागदावरचीही नव्हती, नुसती हवेतली होती, आणि तिच्यावरचा इलाज ही बाई हाडामांसाच्या जनावरावर करत पुढच्या भागाची वाट बघत बसली होती. मी तिचा पत्ता विचारला. कुंभारी गावाच्या पुढं, डांबरी सोडून आत एक वस्ती होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते "कुणाची मेंढी?" एवढंच म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता "जीप पाठवा" म्हणाले. त्यांना घेऊन जीप फाटकाशी आली तेव्हा ते औषधांची जुनी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज बुधवार आहे.

वस्तीवर पोचलो. बाईचा नवरा कळप घेऊन लांब गेलेला, ही एकटीच. मेंढी छपराच्या कडेला पडली होती. डॉक्टर खाली बसले, तिचा मागचा पाय हातात घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "धर हिला."

"धरतो की सायेब," ड्रायव्हर म्हणाला. "आगं, उगी, लई गुणाची हाय माझी बाय."

बाईनं चटकन मान वर केली. त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमी वळसंगचं पाव्हनं न्हवं?"

मी डोळे मिटून घेतले. माझ्या सगळ्या कारकिर्दीचा पंचनामा आता एका मेंढीसमोर होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. ड्रायव्हर मेंढीचं डोकं धरून तसाच थिजला. डॉक्टर चिमट्यानं खुरात काहीतरी शोधत होते.

"तोच हा," डॉक्टर वर न बघता म्हणाले.

"आन तुमची मेंढी?" बाईनं विचारलं.

डॉक्टरांनी चिमटा ओढला. वेड्या बाभळीचा बोटाच्या पेराएवढा काटा बाहेर आला, मागून पू आला. "त्याची चरतेय मजेत," ते म्हणाले. "तुझीपण चरेल. नुसतं धुऊन जाणारं नव्हतं हे, काटा काढायला हवा होता. आता औषध लावतो, आणि मी उद्या परत येतो." मेंढी धडपडून तीन पायांवर उभी राहिली. बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि चहा करायला आत गेली. चहा देताना तिनं वळसंगच्या पाव्हण्याला सगळ्यांत आधी कप दिला.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"सुरुवातीपासून," ते म्हणाले. "तोच आवाज दर बुधवारी जीपमध्ये ऐकतो मी. शिवाय इतकी वर्षं झाली, त्या मेंढीला एकदाही कोकरू झालं नाही."

ड्रायव्हर म्हणाला, "मंग बोललाव न्हाय ते?"

"बोलून काय करू? बुधवारी संध्याकाळी घरी बसू?" डॉक्टरांनी औषधांची पिशवी पायाशी ठेवली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "पुढच्या वेळी लंगडती मेंढी सांगशील, तेव्हा कुठला पाय ते आधी ठरवून ठेव. तू सुरुवातीला पुढचा म्हणालास, नंतर मागचा."

पुढची वेळ नव्हती. हे त्यांना माहीत होतं, ड्रायव्हरला माहीत होतं आणि मला तर लेखी कळवण्यात आलं होतं.

"मागचाच ठिवतो मंग," ड्रायव्हर म्हणाला.

"डावा का उजवा?" मी विचारलं. काही झालं तरी निर्माती होते.

"डावा, म्याडम. त्या बाईच्या मेंढीचा डावाच हुता की."

मी बरं म्हटलं. कुंभारी मागं पडली, लांबून आमचा मनोरा दिसायला लागला, आणि मग मला रडू आवरलं नाही.